पीडिताला तारीख कोण सांगणार?

गुन्हा घडला, फिर्याद नोंदविली गेली, आरोपीला अटक झाली; येथपर्यंतची माहिती पीडित व्यक्तीला बहुधा असते. कारण तोपर्यंत पोलिसांनाच तिची पदोपदी गरज लागते. जबाब हवा असतो, पंचनामा व्हायचा असतो, वैद्यकीय तपासणी व्हायची असते. दोषारोपपत्र न्यायालयात दाखल झाले, की ही गरज संपते आणि घडलेली घटना एका खटला क्रमांकापुरती उरते. फौजदारी खटला राज्य विरुद्ध आरोपी असा चालतो. राज्याची बाजू सरकारी अभियोक्ता मांडतो, आरोपीची बाजू त्याचा वकील. ज्याच्यावर अन्याय झाला तो कागदोपत्री केवळ एक साक्षीदार असतो. आरोपीला पुढची तारीख ठाऊक असते, कारण गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते. पीडिताला ती ठाऊक असावी, याची तजवीज मात्र आपल्या कायद्यात दीर्घकाळ नव्हतीच. गेल्या दीड दशकात ती तुकड्या-तुकड्यांनी झाली असली, तरी 'सांगायचे कोणी' या साध्या प्रश्नाचे उत्तर आजही सर्वच गुन्ह्यांच्या बाबतीत मिळत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता तालुक्याकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप नीट ध्यानात येते. तालुक्याचे न्यायालय राहात्यास आहे. जिल्ह्याचे ठिकाण नगर-मनमाड रस्त्याने सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर, तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. एकाच गुन्ह्यातील जामिनाचे अर्ज या तिन्ही ठिकाणी फिरू शकतात. तालुक्यातच शिर्डी आहे. तेथे देशभरातून भाविक येतात आणि त्यांतील कित्येकांना मराठी समजत नाही. परगावी गुन्ह्याला बळी पडलेला भाविक फिर्याद देतो आणि आपल्या राज्यात परततो. पुढे राहात्याच्या न्यायालयात काय झाले, हे त्याला कोण कळविणार? शिर्डीतून बेपत्ता होणाऱ्या व्यक्तींचा प्रश्न २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे आला, तेव्हा मानवी तस्करीच्या अंगानेही तपास करण्यास न्यायालयाने पोलिसांना सांगितले होते. ती दाद मागितली होती पत्नीचा शोध लागत नसलेल्या एका पतीने.

दुसरीकडे लोणी-प्रवरानगरचा ऊसपट्टा आहे. सहकारी साखर कारखानदारीचा प्रारंभ जेथे झाला, त्या या परिसरात दर हंगामात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. दिवाळीनंतर आलेली टोळी गळीत संपताच तळ उठवून निघून जाते. कोपीत राहणाऱ्या कुटुंबातील मुलीवर अत्याचार झाला, तर फिर्यादीत पत्ता लिहिला जातो तो त्या तळाचा. खटला सुनावणीस येईपर्यंत तेथे कोपी नसते, मुकादम नसतो आणि पत्ता सांगणारेही कोणी नसते. 'सदर इसम मिळून आला नाही' असा शेरा मारून समन्स परत येते. न्यायालयाच्या रोजनाम्यात साक्षीदार गैरहजर अशी नोंद होते. प्रत्यक्षात तो गैरहजर नसतो. त्याला कळलेलेच नसते.

जेथे जबाबदारी ठरली

दोन कायद्यांनी मात्र हा प्रश्न सरळ हाताळला आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, पॉक्सो म्हणून ओळखला जाणारा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. त्याखालील २०२० च्या नियमावलीने बालकाला आणि त्याच्या पालकांना कोणकोणती माहिती दिली पाहिजे, याची यादीच दिली. आरोपीची अटक, तपासाची स्थिती, दाखल झालेले अर्ज, न्यायालयातील तारखा, आरोपी कोठडीत आहे की जामिनावर सुटला, निकाल काय लागला, शिक्षा किती झाली आणि भरपाईसाठी कोठे जायचे, हे सारे तीत आहे. ही माहिती देण्याचे दायित्व विशेष बाल पोलीस पथकावर किंवा स्थानिक पोलिसांवर आहे. शिवाय गुन्ह्याची खबर मिळाल्यापासून चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीला कळवायचे असते आणि ती समिती बालकासाठी साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. खटला संपेपर्यंत ही व्यक्ती बालकाच्या सोबत राहते.

नियम असूनही तो पाळला जात नव्हता, ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेच्या रूपाने गेली. अर्जुन माळगे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने ८ एप्रिल २०२१ रोजी निर्णय दिला. आरोपीकडून वा सरकारपक्षाकडून न्यायालयात अर्ज आला, की त्याची नोटीस पीडित बालकाच्या कुटुंबाला मिळाली पाहिजे. ती बजावता आली नाही, तर त्याची कारणे लेखी नोंदविली पाहिजेत आणि सुनावणीपूर्वी नोटीस पोहोचली की नाही, याची खातरजमा न्यायालयाने केली पाहिजे. या निर्णयाचे महत्त्व शेवटच्या भागात आहे. 'कळविले होते' असे तोंडी सांगून आता भागत नाही.

दुसरा कायदा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधाचा. २६ जानेवारी २०१६ पासून त्यात कलम १५-अ समाविष्ट झाले. जामिनाच्या सुनावणीसह न्यायालयातील प्रत्येक कार्यवाहीची वाजवी, अचूक आणि वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क पीडिताला व त्याच्या आश्रितांना त्याने दिला. जामीन, दोषमुक्ती, शिक्षा, पॅरोल अशा टप्प्यांवर म्हणणे मांडण्याचा हक्कही दिला. राजस्थानातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी स्पष्ट केले, की ही सूचना देणे बंधनकारक आहे, ती निव्वळ औपचारिकता नव्हे. त्या प्रकरणात सूचनेविना दिलेला जामीन टिकला नाही.

उरलेल्यांचे काय?

पीडित बालक नसेल आणि गुन्हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा नसेल, तर चित्र पालटते. घरात मारहाण सोसणारी विवाहिता, मुलांनी लुबाडलेले वृद्ध आईवडील, अंथरुणाला खिळलेला अपंग, ठेव बुडालेली विधवा, हे सारे दुर्बळच. परंतु त्यांच्यासाठी अशी यादी नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने येथे काही पावले पुढे टाकली, हे मान्य केले पाहिजे. प्रथम खबरी अहवालाची प्रत आता फिर्यादीप्रमाणेच पीडितालाही विनामूल्य मिळते. तपासात काय प्रगती झाली, हे नव्वद दिवसांच्या आत कळविण्याचे बंधन पोलिसांवर आले आणि ते मोबाइलवरील संदेशानेही पाळता येते. पीडिताने वकील दिला असेल, तर दोषारोपपत्राच्या प्रती त्यालाही द्याव्या लागतात. सरकारला खटला मागे घ्यायचा असल्यास पीडिताचे म्हणणे ऐकावे लागते.

या तरतुदींचा भर तपासाच्या काळावर आहे. नव्वदाव्या दिवशी एक संदेश आला आणि त्यानंतर खटला वर्षानुवर्षे चालला, तर मधल्या तारखा कळविण्याचे काम सर्वसाधारण गुन्ह्यांत कोणाचे? प्रत्येक पोलीस ठाण्याचा एखादा कर्मचारी न्यायालयीन पैरवीसाठी असतो. समन्स, वॉरंट, मुद्देमाल, साक्षीदार हे सर्व तोच सांभाळतो. पीडिताला फोन करणे हा त्याच्या सौजन्याचा भाग ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने लखीमपूर खेरी प्रकरणात १८ एप्रिल २०२२ रोजी म्हटले, की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला सहभागाचा अनिर्बंध अधिकार आहे. अधिकार मोठाच आहे; परंतु सुनावणी कधी आहे हेच ठाऊक नसलेल्या माणसाने तो बजावायचा कसा?

समन्स कोणाच्या हाती पडते, हीसुद्धा लहान बाब नाही. ज्याच्या नावे समन्स आहे तो सापडला नाही, तर ते सोबत राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान पुरुषाकडे द्यावे, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते. म्हणजे पतीविरुद्धच्या खटल्यात पत्नीचे समन्स पतीच्याच घरी सासऱ्याच्या वा दिराच्या हाती देण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. नव्या संहितेने 'पुरुष' हा शब्द काढला. आता ते घरातील कोणत्याही सज्ञान व्यक्तीस देता येते. सासूच्या हाती पडलेले समन्स सुनेला मिळतेच असे नाही, हा भाग वेगळा.

एका सुटकेची खबर

माहिती न मिळण्याची किंमत काय असू शकते, याचे एक उदाहरण जगभर सांगितले जाते. अमेरिकेतील केंटकी राज्यात लुईव्हिल येथे डिसेंबर १९९३ मध्ये एका तरुणीची तिच्या एकविसाव्या वाढदिवशी हत्या झाली. मारेकरी तिचा पूर्वीचा मित्र होता. तिच्यावरील अत्याचाराबद्दल तो कोठडीत होता आणि जामिनावर सुटला होता. सुटकेची खबर तिला कोणी दिली नव्हती. पुढच्याच वर्षी त्या भागात कैदी सुटताच पीडिताला आपोआप दूरध्वनी जाईल अशी यंत्रणा उभी राहिली आणि कालांतराने ती त्या देशात सर्वदूर पसरली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तर २९ नोव्हेंबर १९८५ च्या जाहीरनाम्यातच पीडितांना खटल्यातील त्यांची भूमिका, कार्यवाहीच्या वेळा व प्रगती यांची माहिती द्यावी, असे म्हटले होते.

आपल्याकडे सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराच्या किंवा अठरा वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्काराच्या आरोपीच्या जामीनअर्जावर सुनावणी होताना फिर्यादी किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती हजर असणे सक्तीचे आहे. सुनावणीचे झाले. आदेशानंतर आरोपी तुरुंगाच्या दारातून बाहेर पडला, ही खबर त्याच संध्याकाळी पीडितेच्या घरी पोहोचविणारी स्वयंचलित सोय मात्र राहात्यासारख्या तालुक्यातील कुटुंबाच्या हाताशी नाही. गावात ती खबर बहुधा आरोपीच्या मित्रांच्या मिरवणुकीने कळते.

समजेल अशा भाषेत

माहिती पोहोचणे आणि ती समजणे यांतही अंतर आहे. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ मध्येच निघाली. तरीही आदेश, अर्ज आणि युक्तिवाद यांचा बराचसा व्यवहार इंग्रजीत चालतो. मराठीत असलेले कागदही 'दोषमुक्ती', 'उलटतपास', 'ब समरी' अशा शब्दांनी भरलेले असतात. यांपैकी समरी हा शब्द तर प्रत्येक फिर्यादीला ठाऊक असावा असा आहे. पोलिसांनी तपासाअंती 'ब समरी' मागितली, याचा अर्थ फिर्याद खोटी असल्याचे त्यांचे मत झाले. अशा वेळी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे. ती नोटीस हाती पडूनही तिचा अर्थ न कळल्याने गप्प बसणाऱ्याची फिर्याद तेथेच मिटते.

ऐकू न येणाऱ्या वा बोलू न शकणाऱ्या पीडितांची अडचण त्याहून बिकट. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू या प्रकरणात पीडिता मूकबधिर होती आणि तिची बौद्धिक वाढही पुरेशी झालेली नव्हती. सत्र न्यायालयाने आरोपीला दोषी ठरविले. परंतु पीडितेची साक्षच झाली नाही, या कारणास्तव उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी तो निर्णय फिरविला. तेवढ्यावर न थांबता, दुर्बळ साक्षीदारांसाठी प्रत्येक उच्च न्यायालयाच्या कक्षेत किमान दोन विशेष साक्षकेंद्रे उभारावीत आणि पुढे ती प्रत्येक जिल्ह्यात व्हावीत, असेही सांगितले. दिल्लीत असे पहिले केंद्र २०१२ मध्ये सुरू झाले होते. गोव्याने तर २००३ च्या बालकायद्यान्वये स्वतंत्र बालन्यायालयच स्थापन केले.

पुढे महाराष्ट्रातूनच गेलेल्या आणखी एका प्रकरणात ११ जानेवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या पीठाने 'दुर्बळ साक्षीदार' या संज्ञेची व्याप्ती वाढविली. केवळ बालकेच नव्हेत, तर कोणत्याही वयाचे लैंगिक अत्याचारपीडित, मानसिक आजार असलेले, ऐकण्या-बोलण्याचे वा अन्य अपंगत्व असलेले, जिवाला धोका असलेले आणि न्यायालयाला दुर्बळ वाटेल असा अन्य कोणीही तीत आला. प्रत्येक जिल्ह्यात कायमस्वरूपी साक्षकेंद्र असावे, असा आदेश झाला. प्रशिक्षणाचा आराखडा ठरविण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अशा केंद्रात पीडित आणि आरोपी समोरासमोर येत नाहीत, त्यांचे येण्याजाण्याचे मार्ग वेगळे असतात, मुलाला खटल्यापूर्वी न्यायदालन दाखवून तेथे कोण कोठे बसते हे समजावून सांगितले जाते. शेवटची बाब ऐकायला किरकोळ वाटते. पण काळ्या कोटातला माणूस आपल्याला शिक्षा करणार नाही, हे आधी कळलेले मूल अधिक धीराने बोलते.

जिल्ह्याला एक केंद्र हा हिशेब तालुक्याच्या माणसाला परवडतोच असे नाही. राहात्याहून नगरला जाऊन साक्ष द्यायची म्हणजे एका दिवसाचा रोजगार आणि दोघांचे गाडीभाडे. साक्षीदाराला भत्ता देण्याची तरतूद कायद्यात आहे. तो मागता येतो हेच अनेकांना ठाऊक नसते.

उघड आणि झाकलेले

न्यायालयांच्या संगणकीकरणाने बरेच काही सोपे केले. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा 'सीएनआर' क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वा मोबाइल अ‍ॅपवर तो टाकला, की मागील व पुढील तारीख दिसते. क्रमांक ठाऊक नसला, तरी पोलीस ठाणे आणि गुन्हा रजिस्टर क्रमांक यांवरून प्रकरण शोधता येते. निकालाची प्रत शक्यतो सात दिवसांत संकेतस्थळावर ठेवण्यास नवी संहिता सांगते.

येथे एक पेच उद्भवतो. पीडिताला जे सहज दिसते, ते गावालाही दिसते. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ अन्वये गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात ११ डिसेंबर २०१८ रोजी ही मनाई मृत्यूनंतरही लागू राहते, असे सांगितले. नाव झाकले जाते खरे. परंतु आरोपीचे नाव, पोलीस ठाणे आणि वर्ष उघड असले, तर हजार उंबऱ्यांच्या गावात पीडिता कोण हे सांगायला नावाची गरज उरत नाही. याच जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात जुलै २०१६ मध्ये घडलेले कोपर्डीचे प्रकरण राज्यभर गावाच्या नावानेच ओळखले गेले. माहिती पीडितापर्यंत न्यायची, पण चावडीवर मांडायची नाही, ही दुहेरी कसरत संगणकाला जमणारी नाही. त्यासाठी एखादा जबाबदार माणूसच लागतो. पॉक्सो कायद्यानुसार बालकाचा जबाब घेताना पोलीस अधिकारी गणवेशात असता कामा नये. तोच विवेक नोटीस पोहोचविताना दाखविला नाही, तर दारात उभी राहिलेली पोलीस गाडी साऱ्या आळीला सर्व काही सांगून जाते.

ज्याने बोलायचे त्यालाच भय असेल, तर नुसत्या तारखेचा उपयोग नाही. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये झालेल्या दलित युवकाच्या हत्येच्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. नेवासे तालुक्यातील सोनई तिहेरी हत्याकांडाचा खटला मात्र जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालविला गेला आणि जानेवारी २०१८ मध्ये तेथे सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. राज्याने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मंजूर केलेल्या योजनेने अर्जाची पद्धतही घालून दिली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जातो आणि धोक्याचा अहवाल उपविभागाचे पोलीस उपअधीक्षक देतात. खटल्याच्या प्रारंभीच हे पीडिताला कोणी सांगितले, तर त्याचा उपयोग. साक्षीदार फिरल्यानंतर सांगून काय होणार?

कोठे विचारावे

तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समिती हे विचारणा करण्याचे सर्वांत जवळचे ठिकाण होय. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना १९८७ च्या कायद्याप्रमाणे तेथे विनामूल्य वकील मिळतो. स्त्रिया व बालकांसाठी उत्पन्नाची अटही नाही. वकीलपत्र दाखल झाले, की पुढील तारखा त्या वकिलाला कळू लागतात आणि दोषारोपपत्राच्या प्रतीचा मार्गही खुला होतो. कायदेविषयक साहाय्यासाठी १५१०० आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक देशभर चालतात. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व अ‍ॅसिडहल्ला यांतील पीडितांसाठी राज्याने २ ऑक्टोबर २०१३ पासून सुरू केलेली मनोधैर्य योजनाही आता विधी सेवा प्राधिकरणामार्फतच राबविली जाते. तिच्याखालील साहाय्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. पत्ता बदलला, तर तो पोलीस ठाण्यास आणि न्यायालयास लेखी कळवून पोच घ्यावी. ऊसतोड कुटुंबाने तळाच्या पत्त्यासोबत मूळ गावचा पत्ता आणि जवळच्या नातलगाचा दूरध्वनी फिर्यादीतच नोंदवून घ्यावा.

निकालाच्या दिवशी तर हे अधिकच महत्त्वाचे ठरते. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला स्वतःचे अपील करता येते. आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर त्यासाठी सरकारच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. हे अपील मुदतीत करावे लागते आणि त्यासाठी निकालाची सही-शिक्क्याची नक्कल लागते. नक्कल मागण्यासाठी निकाल लागला हे आधी कळावे लागते.